मदत हवी आहे: गुलमोहर पाडायचा की ठेवायचा? (आणि आंब्याचं काय?)

ओसरी

नमस्कार मंडळी. घरात दोन आठवडे एकाच विषयावर वाद चाललाय, म्हणून धागा काढते आहे. हवा उष्ण, दमट. पावसाळ्यात महिनोन्महिने जमीन वाळत नाही. अंगणात दोन मोठी झाडं आहेत.

पहिला आंबा, वय 40 च्या आसपास. अवतार बघवत नाही. दोन फांद्या पार वाळल्यात, खोडावर वाळवीने मातीचं लिंपण केलंय, एका फांदीवर बांडगूळ आहे आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर एका भोकातून भुसा गळतो. हा पाडायचा, यावर घरात एकमत.

दुसरा गुलमोहर. डेरेदार, हिरवागार, औषधालासुद्धा वाळकी फांदी नाही. भिंतीपासून 12 फुटांवर आहे आणि मुलं झोपतात ती खोली त्याच बाजूला. त्याच्या सावलीमुळेच दुपारी त्या खोलीत बसवतं. याला हात लावायचा नाही, यावरही एकमत होतं. पण या पावसात बुंध्याशी जमिनीलगत एक भूछत्र आलं: तपकिरी, वरून चकचकीत, कडेला पांढरं, लाकडासारखं टणक. मी ते तोडून फेकलं. महिन्याभरात तिथेच आणखी दोन!

झाड घराकडे किंचित झुकलेलं आहे. नवरा म्हणतो ते पहिल्यापासून तसंच, सासूबाई म्हणतात सरळ होतं. दोन वर्षांपूर्वी फरशी घालताना ठेकेदाराने बुंध्यापासून दोन फुटांवर चर खणला आणि मनगटाएवढी मुळं तोडली. 'झाडाला मुळांना काय तोटा' म्हणाला.

तोडणारे दोघं येऊन गेले. एक म्हणतो दोन्ही पाडा. दुसरा म्हणतो, गुलमोहराचं डोकं उडवा, खाली पोकळी निघाली तर सिमेंट भरा, काही होत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

बागबुग

आधी आंब्याचं, कारण ते सोपं आहे. पाडू नका. वाळवी बहुतेक वेळा वरची मेलेली साल खात असते. लिंपण खरवडून काढा आणि आतली साल ओली, जिवंत आहे का ते नखाने बघा. भुसा म्हणजे खोडकिडा. ताज्या भोकात तार घालून अळी ओढून काढायची, कीटकनाशकात भिजवलेला बोळा आत सारायचा आणि चिखलाने तोंड लिंपायचं. बांडगूळ नुसतं खुडलं तर पुन्हा फुटतं. ते जिथे चिकटलंय त्याच्या फूट-दीड फूट अलीकडे, खोडाच्या बाजूला, फांदीच कापा. वाळक्या फांद्या खोडाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या बाहेरून काढा, तो कंगोरा कापू नका. जखम झाकायचं काम तोच करतो.

गुलमोहराबद्दल मला भीती वाटते, पण अधिक माहिती असलेल्यांनी बोलावं.

खोडकर

बोलतो. वर्णनावरून गॅनोडर्मा वाटतोय. टोपी म्हणजे या बुरशीचं फळ. ती स्वतः खोडात आणि मुळांत पसरलेली असते. त्यामुळे टोपी तोडून काहीच साधत नाही, उलट पुरावा जातो.

हिरव्या पानांवर अजिबात भरवसा ठेवू नका. पाणी वर चढतं ते सालीलगतच्या लाकडातून. आतला गाभा सडून भुगा झाला तरी पानांना पत्ता लागत नाही. तुमच्या घरात म्हणून उलटा निकाल लागलाय: कुरूप झाड धडधाकट आणि देखणं पोखरलेलं. दमट, गरम हवेत बुरशीला थंडीची सुट्टीही मिळत नाही, ती बारा महिने कामावर असते. त्यात माती चिंब झाली की मुळांची पकड ढिली होते.

आज घरच्या घरी करण्यासारखं:

लाकडी हातोडीने बुंध्यावर सगळीकडून ठोका. भरीव लाकूड आणि पोकळ लाकूड यांचा आवाज कानाला कळतो. मग झुकाव आहे त्याच्या उलट बाजूची जमीन बघा, माती उचलली गेलीय का, भेग पडलीय का. जुना झुकाव असेल तर खोड वर जाताना वळून सरळ होतं. नवा झुकाव काठीसारखा सरसकट तिरपा असतो. आणि सासूबाई-नवरा वाद मिटवायला जुना फोटो शोधा, मागे खिडकीची चौकट दिसेल असा.

छातीच्या उंचीवर खोडाचा घेर किती?

ओसरी

160 सेमी.

खोडकर

म्हणजे व्यास साधारण 51 आणि त्रिज्या 25 सेमी. ढोबळ नियम असा की सभोवती निरोगी लाकडाची जाडी त्रिज्येच्या निदान 30 टक्के हवी. तुमच्याकडे 8 सेमीच्या जवळपास. हे खोड सगळीकडून बंद असेल तर. एका बाजूला उघडी ढोली असेल तर इतकंही पुरत नाही. जाडी मोजायला बारीक सुईसारख्या ड्रिलचं यंत्र असतं, झाडांची तपासणी करणाऱ्या जाणकाराकडूनच ते करून घ्या. झाड तोडण्यावर ज्याची कमाई आहे त्याचं मत तेवढ्यापुरतंच धरा.

पण मला बुरशीइतकाच तो चर खटकतोय. व्यासाच्या तिपटीच्या आत, म्हणजे तुमच्या बाबतीत दीड मीटरच्या आत, झाडाला उभं धरणारी मुळं असतात. ती दोन फुटांवर तुटली आहेत. चर कुठल्या बाजूला होता?

पानगळ

जरा थांबा हो. भूछत्र दिसलं की कुऱ्हाड, असं होऊ लागलं तर एकही जुनं झाड उरणार नाही. माणूस आत उभा राहील एवढी ढोली असलेला पर्जन्यवृक्ष मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. पोकळ म्हणजे पडणारच असं नाही. आणि झाड पडलं तरी कशावर पडेल हा अर्धा प्रश्न आहे. खाली गाडी उभी असते? गाडी हलवा. झोपाळा आहे? तो हलवा.

खोडकर

@पानगळ, तत्त्व मान्य. पण इथे खाली मुलांची खोली आहे, ती कशी हलवणार? ओसरी, मुलांच्या गाद्या मात्र आज रात्रीच दुसऱ्या खोलीत टाका. बाकी सगळं सावकाश ठरवता येईल.

डोकं उडवायचा सल्ला मुळीच ऐकू नका. पानं गेली की झाड उपासमारीत खंडीभर धुमारे फेकतं, ते वरवर चिकटलेले असतात आणि जाड झाले की वाऱ्यात सोलून निघतात. सिमेंटही नको. खोड वाऱ्यात हलतं, सिमेंट हलत नाही, मध्ये फट पडून पाणी साठतं.

ओसरी

गाद्या हलवल्या.

उशिरा लिहिते आहे, माफ करा. फोटो सापडला, 11 वर्षांपूर्वीचा. सासूबाई बरोबर होत्या. (नवऱ्याने फोटोच तिरका काढलाय असं म्हणून पाहिलं.) चर घराच्या उलट बाजूला होता आणि तिथेच फरशीखाली बोटभर फट पडलीय. मी ती फरशी बसल्याची समजत होते.

जाणकारांनी चार ठिकाणी ड्रिल केलं. एका बाजूला 9 सेमी, दोन बाजूंना 4, आणि चराकडे जेमतेम 3.

पाडायचा ठरला. रडून झालं. आता पाऊस संपेपर्यंत थांबावं का?

पानगळ

माझा आक्षेप मागे. झुकलेल्या झाडाला मागून ओढून धरणारी, ताणाची मुळं त्याच बाजूला असतात, तीच गेली.

खोडकर

एरवी कोरड्या दिवसांपर्यंत थांबा म्हणालो असतो, जमीन घट्ट असते, पानं गळून भार कमी झालेला असतो. इथे थांबू नका. परवानगीचा नियम काय ते स्थानिक कार्यालयात विचारा; अर्जाला भूछत्राचे, फटीचे फोटो आणि मोजमाप जोडा. घरटी आहेत का तेही बघून घ्या.

आणि हे विसरू नका: तोडणाऱ्याला बुंधा कुजलाय हे आधी स्पष्ट सांगा. त्याने या खोडाला स्वतःला बांधून वर चढायचं नाही. क्रेन किंवा लिफ्टवरून तुकडे करत खाली आणायचं. चढूनच करतो म्हणणारा असेल तर दुसरा बघा.

ओसरी

हे मला सुचलंच नसतं. त्याच खड्ड्यात नवीन झाड लावू का? खोलीत दुपारी भट्टी होणार आहे.

बागबुग

त्याच खड्ड्यात नको. बुरशी उरलेल्या मुळांत वर्षानुवर्षं तग धरते. खुंट आणि जाड मुळं जमेल तेवढी उपसून काढा. नवं झाड पश्चिमेला, भिंतीपासून निदान 20 फुटांवर लावा. ते वाढेपर्यंत खिडकीबाहेर मांडव करून वेल चढवा, एका पावसात सावली देईल. आणि आंब्याच्या भोकातून पुन्हा भुसा येतोय का, ते दर आठवड्याला बघत राहा.