मदत हवी आहे: मुलीने गोळा केलेली पानं टिकवायची कशी?

पानगळ सुरू झाल्यापासून माझी साडेचार वर्षांची लेक रोज दोन्ही खिसे भरून घरी येते. पानं, बिया, काटक्या, पाइन कोन, काय काय! गेल्या आठवड्यात आम्ही लाल-पिवळ्या पानांचं तोरण केलं. चौथ्या दिवशी पानं सुरळीसारखी वळली. तिने एक हातात घेतलं तर त्याचा चुरा झाला, नुसता देठ बोटांत राहिला. इतकी रडली की माझ्याही पोटात कालवलं.

तर विचारायचं आहे:

पानं सपाट राहतील आणि रंगही टिकेल असं काही आहे का? इस्त्री वगैरे नको, तिला स्वतःच्या हाताने करता यायला हवं. पाइन कोन माती निघावी म्हणून धुतले, तर ते मिटूनच गेले. खराब झाले का? आणि धाकटा दीड वर्षाचा आहे, दिसेल ते तोंडात घालतो. दोघांना एकत्र बसवून काय करता येईल?

प्रतिसाद:
कोन खराब झालेले नाहीत. ओले झाले की त्यांचे खवले मिटतात, वाळले की उघडतात. उबदार जागी पसरून ठेवा आणि लेकीला रोज बघायला सांगा. आमच्याकडे तर हाच खेळ झाला होता, मुलगा मुद्दाम पाण्यात बुडवायचा.

पानं आणल्या दिवशीच दाबायला हवीत, एकदा वळली की सरळ होत नाहीत. पुसून, एकमेकांना न चिकटतील अशी रद्दीच्या कागदात ठेवा, वर जाड पुस्तकं. एक-दोन दिवसांनी कागद बदला, नाहीतर ओल राहून बुरशी धरते. आठ-पंधरा दिवस लागतात. कागद बदलणं लेकीकडेच द्या.

प्रतिसाद:
दाबलेली पानं कागदावर चिकटवून वरून पांढऱ्या गममध्ये थोडं पाणी घालून ब्रशने हात फिरवा. वाळल्यावर पारदर्शक होतं आणि चुरा होत नाही. लाल रंग मात्र उन्हात लवकर उडतो, खिडकीत लावू नका.

धाकट्याच्या हाताशी बिया आणि बारीक फळं अजिबात ठेवू नका, घशात अडकतात. त्याला फक्त त्याच्या तळव्याहून मोठी पानं द्या, तीही तुम्ही शेजारी असताना, कारण पानाचेही तुकडे तोंडात जातात. ताईला पानाचा ठसा काढू दे: शिरा वर येतील असं पान पालथं ठेवायचं, वर पातळ कागद, आणि मेणाचा खडू आडवा धरून घासायचा. याला ताजं, मऊ पान लागतं, वाळलेलं मोडतं.

धागाकर्ती:
मनापासून आभार. ठसा लगेच करून बघितला. मधली शीर कागदावर उमटली तेव्हा ती ओरडलीच, "आई, पान आतून आलं!" आजची पानं पुस्तकांखाली गेली आहेत. एक राहिलं: जाड देठामुळे पानाची एक बाजू उचलली जाते. देठ कापून टाकू का? मग तोरणाला दोरा कुठे बांधायचा?