काळ्या मातीवरचे बैठे घर : भिंतीच्या भेगा आधी बुजवाव्यात की बाग आधी लावावी?

मृणाल, परभणी

नमस्कार. आम्ही उभयतांनी गेल्या दिवाळीनंतर परभणीत साधारण वीस वर्षांपूर्वी बांधलेले एक बैठे घर विकत घेतले. प्लॉट चाळीस बाय साठ फुटांचा असून खाली खोल काळी माती आहे. घर पाहिले तेव्हा नुकताच रंग दिलेला असल्यामुळे भिंती स्वच्छ दिसत होत्या. मात्र मार्च उलटल्यावर बाहेरच्या दोन खोल्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून छताकडे तिरक्या जाणाऱ्या भेगा दिसू लागल्या आणि आता मे महिन्यात त्यांत रुपयाचे नाणे उभे शिरते. मधल्या खोलीतील शहाबादी फरशी मध्यभागी किंचित उचलली गेली आहे. भेगा सिमेंटने भरून नव्याने गिलावा करावा आणि पावसाळ्यापूर्वी रंग द्यावा, असे गवंडी सांगतात.

बागेची हौस दोघांनाही आहे. घराच्या तिन्ही बाजूंनी भिंतीलगत वाफे करून मोगरा, गुलाब आणि थोडी भाजी लावावी, न्हाणीच्या पाण्यावर मागच्या भिंतीशी केळी कराव्यात, असा विचार आहे. अंगणात औदुंबर असावा, अशी सासूबाईंची इच्छा आहे. मागच्या कोपऱ्यात घरापासून दहा-बारा फुटांवर मोठा कडुनिंब आहे. त्याच्यामुळेच भेगा पडल्या असतील तर तो तोडावा का? आधीच्या मालकांनी लावलेला कढीपत्ताही पिवळा पडला आहे. कोणते काम आधी हाती घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुधाकर, नांदेड

मृणालताई, बाग कोठे होणार हे ठरल्याशिवाय भिंतीच्या दुरुस्तीला हात लावू नये, कारण काळ्या मातीत भिंतीच्या भेगा आणि भिंतीलगतचे पाणी यांचा थेट संबंध असतो. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीतील चिकणखनिजे पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. सगळी जमीन सारखीच वर-खाली झाली असती तर घराला फारसा त्रास झाला नसता. त्रास होतो तो असमान हालचालीमुळे. घराच्या मध्यभागाखालील ओल बाष्पीभवन न झाल्यामुळे टिकून राहते, म्हणून तुमची फरशी उचलली जाते. कडेची माती मात्र उन्हाळ्यात सुकून खचते आणि तिच्याबरोबर बाहेरच्या भिंती खाली ओढल्या जातात. खिडकीचा कोपरा हा भिंतीचा सर्वांत कमकुवत भाग असल्यामुळे भेग तेथून सुरू होते.

गवंड्यांचा सल्ला मला अजिबात पटत नाही. मे महिन्यात भेग सर्वांत रुंद असते. त्या वेळी ती कडक सिमेंटने ठासून भरली, तर पावसाळ्यात भिंत पूर्वीच्या जागी येऊ पाहते, भराव तिला येऊ देत नाही आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. प्रत्येक भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहावी, रुंदी दर महिन्याला मोजावी आणि एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊ द्यावा. भेगा मिटत आणि उघडत असतील, पण एकंदरीत वाढत नसतील, तर त्या लवचीक भरावाने बुजवता येतात. त्या सतत वाढतच गेल्या, किंवा दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या, तर मात्र वाट न पाहता संरचना अभियंत्याकडून पाया तपासून घ्यावा.

यंदा खर्च करायचाच असेल तर तो रंगावर न करता जोत्याभोवतीच्या पट्टीवर करावा. वरची माती काढून, तेथे मुरूम ओला करून नीट ठोकून, त्यावर निदान दीड मीटर रुंदीची पक्की पट्टी करावी आणि तिला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा. छताच्या पन्हळीचे पाणी नळाने या पट्टीच्या पलीकडे न्यावे. नळजोडण्या, सांडपाण्याचे चेंबर आणि सेप्टिक टाकी यांची गळतीही तपासावी. उन्हाळ्यात एकाच कोपऱ्यातील जमीन ओलसर दिसत असेल तर संशय तेथूनच घ्यावा.

कडुनिंबाबाबत घाई नको. मोठे झाड उन्हाळ्यात मुळांनी पाणी ओढून माती अधिक आकसवते, हे खरे आहे. पण झाड घरापेक्षा जुने असेल तर घर बांधताना तेथील माती आधीच कोरडी होती. झाड तोडल्यावर ती हळूहळू ओल धरून फुगते आणि घराचा तो कोपरा उचलला जातो. म्हणून आधी शेजाऱ्यांकडे झाडाच्या वयाची चौकशी करावी. दरवर्षी थोडी थोडी छाटणी करून पानोरा आटोक्यात ठेवणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग आहे. आणि हो, शहरात झाड तोडायला नगरपालिका किंवा महानगरपालिकेची परवानगी लागते.

वसुधा, परभणी

सुधाकररावांच्या पट्टीमुळे भिंतीलगतचे वाफे करता येणार नसले, तरी हिरमुसण्याचे कारण नाही. मोगरा आणि गुलाब मोठ्या कुंड्यांत लावून त्याच पट्टीवर ठेवता येतात. आपल्याकडच्या जड मातीपेक्षा कुंडीतील निचऱ्याच्या मिश्रणात गुलाब कितीतरी चांगला येतो. भाजीचे वाफे कुंपणाच्या बाजूला न्यावेत. कुंपणाची भिंत जरा हलली तरी घर हलत नाही.

वाफे सपाट न करता गादीवाफे करावेत, म्हणजे पावसाळ्यात मुळांशी पाणी साचणार नाही. काळ्या मातीत काम करायचे ते वाफसा आल्यावरच. ओली असताना खणली तर तिची ढेकळे होतात आणि ती ढेकळे नंतर पहारीलाही दाद देत नाहीत. पुरती वाळल्यावर कुदळ उडते. मूठभर माती दाबून पाहावी. गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटला म्हणजे खणायला हरकत नाही. वाळूच्या दोन-चार पाट्या मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण एवढ्या चिकणमातीत तेवढ्या वाळूने काही साधत नाही. कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि वर्षभर आच्छादन यांनीच माती भुसभुशीत होते, आणि त्याला दोन-तीन हंगाम लागतात. पहिल्या वर्षी गवार, भेंडी, वांगी, दोडका आणि हिवाळ्यात मेथी एवढेच करावे.

कढीपत्त्याची पाने नीट पाहावीत. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता आहे. आपल्या मातीत लोह भरपूर असते, पण चुनखडीमुळे ते मुळांना मिळत नाही, आणि बोअरच्या जड पाण्याने त्यात भरच पडते. म्हणून हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे खत) नुसते आळ्यात टाकले तर वाया जाते. एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर लिंबूसत्त्व विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे. याउलट जुनी, खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. त्याला शेणखत पुरेल. पावसाळ्यात आळ्यात पाणी तुंबत असेल तर मात्र आधी निचरा करावा लागेल. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ तुमच्याच गावात आहे. तेथे मातीच्या तपासणीची चौकशी करून घ्यावी.

मृणाल, परभणी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रंगाचे काम थांबवले असून पट्टीसाठी गवंड्यांशी नव्याने बोलणी सुरू केली आहेत. एक शंका आहे. उन्हाळ्यात माती सुकल्यामुळे भेगा पडत असतील, तर त्या दिवसांत घराभोवती पाणी शिंपडत राहिल्यास भेगा मिटतील, असे शेजारी म्हणतात. ते योग्य ठरेल का? तसेच औदुंबर आणि केळी यांचे काय करावे?

सुधाकर, नांदेड

पाणी चारही बाजूंना वर्षभर अगदी सारखे देता आले असते, तर शेजाऱ्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. हातातल्या नळीने ते साधत नाही. नळ ज्या बाजूला असतो ती बाजू अधिक भिजते आणि असमानता वाढते. शिवाय परभणीच्या मे महिन्यात तेवढे पाणी आणायचे कोठून?

मोठ्या झाडांबाबत माझा नियम असा की, पूर्ण वाढ झाल्यावर झाडाची जेवढी उंची होईल, निदान तेवढे अंतर घरापासून असावे. तुमच्या प्लॉटमध्ये औदुंबराला ते मिळणे अशक्य आहे. वसाहतीच्या मोकळ्या जागेत किंवा मंदिराच्या आवारात तो परवानगीने लावावा आणि सासूबाईंना रोज पाणी घालायला जाता येईल अशी जागा पाहावी. अंगणात पारिजातक किंवा तगर चालेल, तेही पट्टीपासून पुरेसे दूर. केळींसाठी न्हाणीचे पाणी बंद नळाने प्लॉटच्या खालच्या, उतरत्या टोकाला न्यावे.

वसुधा, परभणी

केळींबाबत एक पुस्ती जोडते. साबणाचे पाणी वर्षानुवर्षे एकाच आळ्यात सोडले तर त्यातील सोडियममुळे काळी माती चोपण, म्हणजे घट्ट आणि पाणी न मुरणारी होते, पाणी वरच तुंबते आणि डास होतात. दोन-तीन आळी करून पाणी आलटून पालटून सोडावे. कपडे धुण्याचे पहिले, पावडरीचे पाणी मात्र थेट गटारात जाऊ द्यावे.