कवंदी म्हणजे गोधडीच ना?

विहंग: चार दिवस बघतोय, कर्नाटकातल्या उत्तर कन्नडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायकांच्या कवंदीचं आणि त्यांच्या सहकारी संस्थेचं कौतुक संपत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडीच ना ती? माझ्या आजीनं जन्मभर शिवल्या. तिच्यासाठी कुणी सहकारी संस्था काढली नाही.

रेवा_हल्याळ: राहवलं नाही म्हणून लिहिते. माझं माहेर तिकडचंच, हल्याळचं. आमच्या शेतावर येणाऱ्या सिद्दी मावशीचा कप गोठ्यात ठेवलेला असायचा, आणि पोरं तिला ‘हबशी’ म्हणून चिडवायची. तुमच्या आजीनं हे सोसलं का? गोव्यात पोर्तुगीजांच्या गुलामीतून पळून ही माणसं रानात शिरली. अनुसूचित जमातीत नाव लागायला 2003 उजाडलं. अमेरिकेतल्या हेन्री ड्रूअल या प्राध्यापकानं संस्थेला हात दिला, खरंय. पण टाका बायकांचाच.

गोधडीवाली: आणि कवंदी म्हणजे गोधडी नव्हे! त्या कडेपासून सुरुवात करतात, तुकडे ठेवत, फिरत फिरत मध्यावर येतात. कोपऱ्यांना दुमडलेली फुलं लागतातच.

प्रकाश_सांगली: माझी आईसुद्धा कडेनंच शिवायची, चौकटीत चौकट.

गोधडीवाली: वर अख्खं लुगडं अंथरून की तुकडे लावत?

प्रकाश_सांगली: अख्खं नऊवारी. बरं, टाक्यापुरतं मान्य. पण किमती बघितल्या का? आमच्याकडे सहाशेत शिवून देतात.

गोधडीवाली: मी शिवते. एका गोधडीला वीस दिवस जातात. म्हणजे तीस रुपये रोज! तेवढ्यात तुम्ही एक दिवस मान मोडून बसून दाखवा. एका प्रदर्शनवाल्यानं माझी गोधडी नेली, तिप्पट भावानं विकली, वर म्हणाला, ‘जुन्या कापडाचे कसले पैसे?’ एकटी होते, गप्प बसले. म्हणून लागते संस्था.

विहंग: मूळ मुद्दा राहिला. गावातल्या सगळ्याच गरीब बायकांची काढा, वंशावरून वेगळी कशाला?

रेवा_हल्याळ: जिचा कप गोठ्यात, तिला तुमच्या बचत गटात सतरंजीवर कोण बसवणार होतं? गीरजवळच्या जांबूरच्या हिरबाई लोबी बघा. स्वतः सिद्दी. बायका जमवल्या, सेंद्रिय खत करून विकलं, बालवाडी काढली. 2023 ची पद्मश्री आहे त्यांना.

विहंग: हिरबाईंपुढे बोलत नाही. कपाचंही मला माहीत नव्हतं. पण माझ्या आजीलाही कुणी विचारलं नाही, एवढं मी म्हणणारच.

रेवा_हल्याळ: म्हणा. तिची गोधडी आहे का अजून?

विहंग: ट्रंकेत आहे. उद्या काढतो.

गोधडीवाली: उलटी बाजूही दाखवा. टाका तिकडेच कळतो.