किनाऱ्यावर एवढं समुद्रफेन कुठून येतं? माकुलं (कटलफिश) एकदम मरतात का?

आंजर्ल्याचा_जावई
मंडळी नमस्कार. सासुरवाडीला आलोय आंजर्ल्याला, पाऊस जरा थांबला की किनाऱ्यावर चक्कर मारतो. यावेळी भरतीच्या रेषेवर काटक्या, चपला, थर्माकोल यात समुद्रफेन इतकं पडलंय की पाऊण तासात पिशवी भरली. सासूबाई म्हणतात समुद्राचा फेस वाळून होतं ते, नावातच फेन आहे ना. मी म्हटलं अहो आई, परवा पावसाळी मासेमारी बंदीच्या आधी माकूल आणलेलं ते मीच साफ केलं, पाठीतून हेच हाड निघालं. ते त्यांना पटलं, पण मग एवढी माकुलं मेली कशाने याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. प्रदूषण वगैरे? अजून दोन विचित्र गोष्टी, एका हाडाला छोट्या शिंपल्यांसारखे जीव देठाने चिकटलेले, नखाएवढे, आणि तीन-चार हाडांना भोकं पडलीयत, ती पण ओळीत. फोटो टाकतो म्हटलं तर रेंज नाही.

दर्यासारंग_७७
प्रदूषण कसलं, ट्रॉलरवाले माकूल बोटीवर साफ करतात आणि हाडं फेकतात पाण्यात. आणि ते एलईडीवाले, रात्री दिव्यांवर मासळी ओढून पकडणारे, २०१७ ला त्यावर बंदी आली तरी दिवे पेटतातच. सगळं साफ करून टाकणार हे लोक.

शिरगाव_फिशरीज
दादा, एलईडीवरचा राग समजू शकतो, पण माकूल बोटीवर कोण साफ करत बसतं, अख्खंच बर्फात येतं, कंपनीवाले तसंच घेतात.

जावईबापू, मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलोय म्हणून थोडं लांबण लावतो. माकूल जगतंच मुळात वर्ष-दीड वर्ष, फार तर दोन. एकदाच मोठं होतं, अंडी घालतं आणि मरतं, म्हणजे दरवर्षी जवळजवळ अख्खी पिढीच जाते. मांस मासे-खेकडे खातात, पण हाड बुडत नाही, ते वर येतं आणि वाऱ्यावर निघतं. पावसाळ्यात वारा समुद्रावरून जमिनीकडे, त्यामुळे कितीतरी दिवसांचं तरंगतं हाड एकदम आपल्या दारात. म्हणजे पिशवी एका दिवसात भरली तरी मरणं एका दिवसातली नाहीत.

त्याचा पुरावा तुमच्याच हातात आहे बघा. देठवाले जीव म्हणजे गूज बार्नॅकल, ते तरंगत्या वस्तूंवरच धरतात, नखाएवढे झालेत म्हणजे ते हाड किनाऱ्याला लागायच्या आधी बरेच दिवस दर्यात फिरत होतं. कुठलं माकूल, कुठे मेलं, देव जाणे. आणि ओळीतली भोकं बहुतेक दातांची, डॉल्फिन किंवा मोठा मासा. म्हणजे ती बिचारी म्हातारपणाने नाही गेली.

एक हाड आडवं मोडून बघा. कागदाच्या गठ्ठ्यासारखे थर, मध्ये बारीक बारीक खांब आणि बाकी सगळी पोकळी. त्या पोकळीत थोडं पाणी थोडा वायू असतो. माकूल त्या पाण्यातले क्षार शोषून घेतं, क्षारांमागे पाणी बाहेर जातं आणि जनावर हलकं होतं, उलट केलं की जड. डेंटन आणि गिल्पिन-ब्राउन या दोघांनी १९६१ च्या सुमारास इंग्लंडात प्लिमथला हे दाखवलं, आणि गंमत म्हणजे दिवसा जड होऊन वाळूत बसतं, रात्री हलकं होऊन शिकारीला निघतं. फार खोल मात्र जाता येत नाही, दाबाने हाड चेपेल. नळ माकलीत (स्क्विड) हे हाडच नसतं, तिच्यात ती प्लास्टिकसारखी पारदर्शक पात निघते ना, तेवढीच.

म्हाकूलवालो_मालवण
आमच्याकडे म्हाकूल म्हणतत. तेची अंडी मी कितीतरी वेळा बघलंय, जाळ्याक नायतर नांगराच्या दोरयेक चिकटलेली असतत, पांढरी, घोसासारखी. बापूस सांगी की ती खरवडून किनाऱ्यार टाकू नको, दोरीसकट परत पाण्यात सोड. आता कोण तसा करत नाय, घाई असता सगळ्यांका.

शिरगाव_फिशरीज
@म्हाकूलवालो बापूस बरोबर सांगायचे. पिढी वर्षाची असल्यावर यंदाची अंडी गेली की पुढच्या वर्षीची मासळीच गेली, मागचा साठा असा नसतोच. कर्नाटकात तर नारळाच्या पोया (फुलोरे) बांधून पाण्यात सोडतात, माकूल तिथे अंडी घालायला जमतं आणि नेमकं तेव्हाच पकडतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी यावर लिहिलंय, मच्छीमारांत भांडणंही झालीत त्यावरून. उलट बाजू पण सांगतो, २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी जगभरची १९५३ पासूनची आकडेवारी तपासली तर माकूल-ऑक्टोपस वर्गातले प्राणी एकंदरीत वाढलेलेच दिसले. पटकन वाढतात, पटकन जुळवून घेतात. पण ते जगाचं झालं, हर्णैच्या बंदरावर काय होईल ते त्यावरून सांगता येत नाही.

दर्यासारंग_७७
मग अंडी घालून मरतात कशाने ते सांग की. उपाशी?

शिरगाव_फिशरीज
ऑक्टोपसचं जास्त नीट माहितीय. मादी अंड्यांवर बसली की खाणं सोडते आणि पिल्लं निघाली की मरते. १९७७ मध्ये वोडिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने तिच्या डोळ्यांमागच्या बारीकशा ग्रंथी काढून टाकल्या, तर ती अंडी सोडून उठली, परत खायला लागली आणि पुढे कितीतरी दिवस जगली. म्हणजे उपासमार नाही, आतूनच हुकूम सुटतो मरायचा.

आंजर्ल्याचा_जावई
बाप रे. सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या बाकी ठीक, पण माकुलाला तीन हृदयं असतात म्हणे ते खरं का, टीव्हीवर बघितलेलं.

शिरगाव_फिशरीज
खरंय, तीन. दोन कल्ल्यांसाठी, एक बाकी अंगासाठी. आणि रक्त निळसर, लोहाच्या जागी तांबं. माकूल साफ करताना ते सहसा लक्षात येत नाही.

आंजर्ल्याचा_जावई
हाड मोडून बघितलं, थर खरंच दिसले, नखाने खडूसारखी भुकटी निघते. बाकीची धुऊन शेजाऱ्यांच्या पोपटाला दिली. बार्नॅकलवालं पडवीत ठेवलेलं, तर दुसऱ्या दिवशी असला वास सुटला की सासूबाईंनी हाडासकट मला बाहेर काढलंय.