ऑटो-अपडेट बंद असूनही प्लगिन अपडेट झालं. मालकाला न विचारता हे चालावं का?

दौत-टाक
वर्डप्रेसच्या (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) यादीत प्रत्येक प्लगिनपुढे (त्याला जोडलेला छोटा प्रोग्राम) ऑटो-अपडेट बंद आहे. तरी एक प्लगिन रात्रीत नव्या आवृत्तीवर गेलं आणि अ‍ॅडमिनच्या पत्त्यावर तशी मेल आली. साइटवर वूकॉमर्स या प्लगिनवर चालणारं दुकान आहे. होस्टिंगवाले म्हणतात, आम्ही हात लावलेला नाही. बंद असताना हे होतंच कसं? आणि होऊ द्यावं की कायमचं रोखावं?

रात्रपाळी
होस्टिंगवाले खरं बोलत असतील. यादीतलं ते बटण 5.5 आवृत्तीत (ऑगस्ट 2020) आलं आणि ते फक्त तुमची पसंती डेटाबेसमध्ये नोंदवतं. साइट दिवसातून दोनदा वर्डप्रेस डॉट ऑर्गकडे (जिथून प्लगिन आणि अपडेट येतात) चौकशी करते. तिकडून आलेल्या उत्तरात एखाद्या प्लगिनपुढे ‘आपोआप करा’ अशी खूण असली, की तुमची नोंद बघितलीच जात नाही.

ही खूण क्वचित लावतात, सुरक्षेत मोठं भगदाड सापडलं तरच. लॉगिनायझर (ऑक्टोबर 2020), वूकॉमर्स (जुलै 2021), अपड्राफ्टप्लस (फेब्रुवारी 2022), रिअली सिंपल सिक्युरिटी (नोव्हेंबर 2024). शेवटच्या प्रकरणात टू-फॅक्टर (पासवर्डसोबत दुसरी ओळख मागणारी सोय) चालू असलेल्या साइटवर पासवर्डशिवाय अ‍ॅडमिन म्हणून शिरता येत होतं (सुरक्षेच्याच प्लगिनमध्ये!), आणि ते 40 लाखांहून जास्त साइटवर होतं. एकेका मालकाला विचारत बसायला वेळ कुठला?

तुमच्या प्लगिनचा चेंजलॉग (कुठल्या आवृत्तीत काय बदललं याची यादी) उघडून बघा, त्यात सुरक्षा दुरुस्तीची नोंद असेल तर बहुतेक हेच. नसेल तर होस्टिंग पॅनेल तपासा. सॉफ्टाक्युलससारख्या इन्स्टॉलरमध्ये प्लगिन अपग्रेडचा स्वतःचा वेगळा पर्याय असतो, तो बसवतानाच टिक झालेला असू शकतो.

बारा_भानगडी
सक्तीच्या अपडेटचं समजू शकतो, पण ‘वरून आलं म्हणजे चांगलंच’ हे मान्य नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगिनची डॉट ऑर्गवरची जागा काढून तिथे सिक्युअर कस्टम फील्ड्स आणलं. डॉट ऑर्गवरून ऑटो-अपडेट चालू असलेल्या साइटवर न विचारता प्लगिनच बदललं. डिसेंबरमध्ये कोर्टाच्या आदेशानंतर जागा मूळ कंपनीला परत मिळाली.

त्याच वर्षी जूनमध्ये सोशल वॉरफेअरसह काही प्लगिनच्या लेखकांची खाती चोरांच्या हाती लागली आणि अपडेटमधूनच नवे अ‍ॅडमिन तयार करणारा कोड गेला. तिथे तत्परतेने अपडेट करणारेच फसले. ऑक्टोबरपासून प्लगिन लेखकांना टू-फॅक्टर सक्तीचं केलं, तेही या घटनेनंतर.

रोखायचंच असेल तर ‘ऑटो अपडेट प्लगिन’ हा फिल्टर (वर्डप्रेसचा निर्णय कोडमधून बदलायची सोय) फॉल्स करणारी एक ओळीची फाइल एमयू-प्लगिन्स फोल्डरमध्ये (इथल्या फाइल आपोआप चालू राहतात) टाका. शेवटचा शब्द त्या फिल्टरचा असतो, सक्तीची खूणही त्याच्यापुढे चालत नाही.

सर्व्हरवाला
फिल्टर बरोबर सांगितलात. पण बरेच जण त्याऐवजी कॉन्फिग फाइलमध्ये ‘ऑटोमॅटिक अपडेटर डिसेबल्ड’ हा स्थिरांक ट्रू करतात (इंग्रजी कॅपिटल, मध्ये अंडरस्कोअर). त्याने 2013 पासून आपोआप येणाऱ्या कोअरच्या (मूळ वर्डप्रेसच्या) सुरक्षा दुरुस्त्याही थांबतात. साइटच्या किंवा त्याच्या वरच्या फोल्डरात गिटचं (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) फोल्डर पडलेलं असेल तरीही सगळं गुपचूप बंद होतं. हे कुणाच्या लक्षात येत नाही.

दुकानाच्या साइटवर मी सक्तीची वाट उघडी ठेवायला सांगेन. कॉन्टॅक्ट फॉर्म, एसईओ वगैरे ऑटोवर. वूकॉमर्स, पेमेंट गेटवे आणि पेज बिल्डर हाताने, आठवड्यातून एकदा, आधी स्टेजिंगवर (साइटची चाचणीसाठीची प्रत). तिथे चाचणीची ऑर्डर टाका आणि पैसे भरल्यावर ऑर्डरची स्थिती बदलते का, मेल जाते का, ते बघा. नुसतं होमपेज उघडलं म्हणजे तपासलं असं होत नाही.

विकतची प्लगिन डॉट ऑर्गच्या हातात नसतात. लायसन्स संपलं असेल तर भगदाड तसंच राहतं.

दौत-टाक
चेंजलॉगमध्ये सुरक्षा दुरुस्तीच निघाली. पण 6.6 पासून फसलेलं अपडेट आपोआप मागे जातं ना? मग सगळंच ऑटोवर ठेवलं तर काय बिघडेल?

सर्व्हरवाला
ते रोलबॅक फार तोकडं आहे. ऑटो-अपडेटनंतर वर्डप्रेस होमपेजला विनंती पाठवतं, पीएचपीचा फेटल एरर (साइटचा कोडच थांबवणारी चूक) आला तरच जुन्या फाइल परत ठेवतं. चेकआउटवरचं बटण जावास्क्रिप्टमुळे मेलं तर त्याला पत्ता लागत नाही. डेटाबेसला ते हातच लावत नाही. वूकॉमर्सने टेबलांची रचना बदलली असेल तर जुना कोड नव्या टेबलांवर चालेलच असं नाही.

पूर्ण बॅकअप परत टाकला तर मधल्या ऑर्डरी पुसल्या जातात. म्हणून डेटाबेसचा बॅकअप अपडेटच्या अगदी आधी, ऑर्डरी कमी असतात त्या वेळेला घ्या. फक्त फाइल मागे न्यायच्या असतील तर डॉट ऑर्गवर प्लगिनच्या पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड व्ह्यू’त जा, तळाशी जुन्या आवृत्त्या मिळतात. झिप अपलोड करा, बसलेली आवृत्ती बदलू का असं वर्डप्रेसच विचारतं.

रात्रपाळी
एक राहिलं. अपडेट मध्येच तुटून साइट ‘मेंटेनन्स’च्या संदेशावर अडकली तर मूळ फोल्डरमधली टिंबाने सुरू होणारी मेंटेनन्स नावाची फाइल काढा. फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल दाखवा हा पर्याय आधी चालू करा, नाहीतर दिसणारच नाही. दहा मिनिटांनी वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं, पण अर्धवट कॉपी झालेलं प्लगिन तसंच राहतं. ते पुन्हा बसवावं लागतं.