नवा गेम अर्ध्यात सोडून जुना लावणाऱ्यांनो, अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात 'एल्डन रिंग'मधल्या एकाच बॉसकडून, म्हणजे वाट अडवणाऱ्या दांडग्या शत्रूकडून, सोळा वेळा मार खाल्ला. कंट्रोलर बाजूला ठेवला आणि डोकं शांत व्हावं म्हणून जुना 'काँट्रा' लावला. तिथेही मेलोच. बायको मागून बघत होती. म्हणाली, "म्हणजे मार खायचाच आहे, फक्त कोणाचा ते बदलायचं."

न संपवलेले नवे गेम माझ्याकडे ढीगभर पडलेत, तरी महिन्यातून दोनदा पस्तीस वर्षांपूर्वीची कॅसेट लागतेच. (कार्ट्रिज म्हणायला हवं, पण तोंडात कॅसेटच बसलंय.) लहानपणाच्या आठवणी हे एकच कारण नसावं, कारण त्या वयात कधी पाहिलेही नव्हते असे गेमही मी आता चवीनं खेळतो.

मला ओढ लागते ती टंचाईतल्या हुशारीची. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा ४० किलोबाइटमध्ये बसवलाय. त्यातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. हे कळलं त्या दिवशी मी अर्धा तास नुसते ढग बघत बसलो. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले भराभर चालू लागतात. ती युक्ती मुळात ठरवून केलेली नव्हतीच. पडद्यावरची चित्रं कमी झाली की यंत्रावरचा भार हलका व्हायचा, म्हणून वेग वाढायचा. ते करणाऱ्या तोमोहिरो निशिकादोंनी तो तसाच ठेवला, आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू झाली.

हे एकदा दिसलं की नव्या गेममध्येही दिसायला लागतं. १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल'मध्ये दार सावकाश करकरत उघडायचं, कारण तेवढ्या वेळात डिस्कवरून पुढची खोली वाचून व्हायची. आज नायक भिंतीच्या फटीतून अंग चोरून सरकतो, तेव्हा बऱ्याचदा तेच चाललेलं असतं. मी बायकोला सांगतो, "बघ, दार उघडतंय." ती एव्हाना उठून गेलेली असते.

तर मंडळी, लिहा. काय जमवता, ते चालू कसं ठेवता, नव्या गेमना वेळ कुठून काढता, आणि काय विकून टाकलंत तेही.

*

विकून टाकलेला मीच. दोनशेच्या वर कॅसेटी आणि डिस्क होत्या, प्रत्येकीला प्लास्टिकचं कव्हर, कपाटाला कुलूप. एकदा मोजलं तर वर्षभरात त्यातल्या नऊ लावल्या होत्या. त्या नऊ ठेवल्या, शिवाय दोन नुसत्या डबीवरच्या चित्रासाठी. बाकीच्या गेल्या. एकीचंही वाईट वाटलं नाही, याचंच जरा वाईट वाटलं.

*

माझा अनुभव थोडा लांब आहे.

'ओकारिना ऑफ टाइम' (१९९८) ही कॅसेट माझ्या दादाची. त्यात सेव्ह केलेला खेळ जपायला आत एक बटणासारखा सेल असतो, तीन व्होल्टचा. तो संपला की गेम चालतो, पण सेव्ह केलेलं सगळं पुसलं जातं. त्या काळच्या पुष्कळ कॅसेटींची हीच रचना. पंचवीस वर्षं झाली तरी दादाचा सेव्ह होता तसाच होता, पहिल्या खणात त्याचं नाव, आणि तो अडकलेला वॉटर टेम्पलमध्ये, म्हणजे गेममधल्या पाण्याने भरलेल्या देवळात. ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको. लोखंडी बूट घालायचे, पाण्याच्या तळाशी जायचं, काढायचे, वर यायचं, आणि दर वेळी गेम थांबवून मेन्यूत जायचं. (२०११ च्या नव्या आवृत्तीत ते बूट थेट बटणावर दिलेत. इतक्या वर्षांनी का होईना.)

सेल बदलायचा तर जुना काढताक्षणी दादाचा सेव्ह जाणार. न बदलावा तर एक दिवस आपोआप जाणार. मी दोन वर्षं नुसती त्या कॅसेटकडे बघत होते. शेवटी कॅसेट वाचणारं एक छोटं यंत्र मिळवलं, सेव्ह आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, सेल बदलला, आणि सेव्ह परत कॅसेटमध्ये चढवला. चालू केलं तर दादाचं नाव जागच्या जागी.

करणार असाल तर: या कॅसेटींचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाहीत, ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. सेल घ्यायचा तो पत्र्याच्या टॅब आधीच जोडलेला. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, तापून फुटू शकतो. आणि कोणी महागाची कॅसेट विकत देत असेल तर आतल्या बोर्डाचा फोटो मागा. नकली कॅसेटचं लेबल आजकाल खऱ्याहून चकचकीत असतं, बोर्ड मात्र बघताक्षणी पकडता येतो.

दादाला फोन करून सांगितलं. त्याने त्या टेम्पलमधल्या किल्लीबद्दल एवढंच विचारलं, "किल्ली सापडली का?" नाही सापडली. तो परत येईल तेव्हा त्याचीच त्याने शोधावी. मी माझा खेळ दुसऱ्या खणात सुरू केलाय.

*

ताई, सेल बदलण्याचं धाडस माझ्यात नाही, पण फुंकर मारणाऱ्यांना मी सोडत नाही. कॅसेट काढून फुंकर मारली की चालायची, कारण ती काढून पुन्हा नीट बसायची. फुंकरीतल्या ओलाव्याने संपर्काच्या पट्ट्या उलट गंजतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, हलक्या हाताने पुसणं, झालं.

पण खोटं कशाला बोलू, घाईत असलो की मीही फुंकतोच.

*

मी मॅन्युअल जमवते. गेमपेक्षा मॅन्युअल जास्त आहेत म्हटलं तरी चालेल, आणि याला कारण माझी फजिती.

'मेटल गिअर सॉलिड' (१९९८) मी फक्त डिस्क घेतली होती, डबीशिवाय. स्वस्त पडली म्हणून खुश. गेममध्ये एका ठिकाणी सांगतात की मेरिल या पात्राची रेडिओ फ्रीक्वेन्सी सीडीच्या डबीच्या मागे आहे. आता थोडं आधी तुम्हाला गेममध्येच एक डिस्क मिळालेली असते. मी दोन संध्याकाळी ती डिस्क उलटीसुलटी करून बघितली, त्या खोलीत पुन्हा गेले, सगळ्यांना रेडिओवर छळलं. मग डोक्यात उजेड पडला की डबी म्हणजे माझ्या हातात असायला हवी होती ती खरीखुरी डबी! तिच्या मागच्या बाजूला त्या प्रसंगाचा फोटो छापलेला असतो आणि त्यात आकडा, १४०.१५. मी तो १४०.०० पासून एकेक घर सरकवत शोधला.

असाच 'स्टारट्रॉपिक्स' (१९९०). त्याच्या खोक्यात एक पत्र यायचं. गेम सांगायचा, पत्र पाण्यात बुडवा. बुडवलं की अक्षरं उमटायची आणि पुढे जायचा आकडा मिळायचा, ७४७. आता विचार करा, जुनं खोकं घेणाऱ्याने काय करावं? पत्र नसेल तर संग्रह अपुरा. पत्र कोरडं असेल तर ते भिजवायचा धीर होत नाही. माझ्याकडचं आधीच कोणीतरी भिजवलेलं आहे, डाग आणि सुरकुत्यांसकट. संग्राहक त्याला खराब म्हणतील. मला तेच आवडतं, कारण कोणीतरी खरंच खेळलंय.

नव्या गेमची डबी उघडली तर आत नुसती डिस्क, किंवा एका चिठोऱ्यावर कोड. वाचायला काही नाही. मग मी गेम डाउनलोड होईतो जुनं मॅन्युअल वाचत बसते.

*

माझा जन्म २००४ चा, त्यामुळे तुमच्या आठवणींशी माझं काही देणंघेणं नाही, रागावू नका. मी उलट्या दिशेने आलो. 'सेलेस्टे' (२०१८) खेळत होतो. त्यात एक जुनं कॉम्प्युटर लपवलेलं आहे, ते चालू केलं की त्याच गेमचा मूळ, अगदी छोटा, ठोकळ्या चित्रांचा अवतार खेळता येतो. मला तो मोठ्या गेमइतकाच आवडला. तिथून मागे मागे जात 'सुपर मारिओ वर्ल्ड' (१९९०) पर्यंत पोचलो.

मी इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर खेळतो, आणि सेव्ह स्टेट वापरतो, म्हणजे हव्या त्या क्षणी खेळ जपून पुन्हा तिथूनच सुरू करतो. हो, दर उडीच्या आधी. काकालोक याला लबाडी म्हणतात. असेल. पण तीन लाइफमध्ये गेम संपवायला तुमच्याकडे अख्खी सुट्टी आणि एकच कॅसेट होती.

अजून एक, सगळं जुनं ते सोनं नाही. दोन मितींतले जुने गेम अजून टवटवीत आहेत. पहिल्यावहिल्या त्रिमितीय गेमचा कॅमेरा मात्र मला सहन होत नाही, उडी मारावी तर तो भिंत दाखवतो. 'टूम रेडर'च्या पहिल्या तीन भागांची जी नवी आवृत्ती २०२४ ला आली, तिच्यात एक बटण दाबलं की जुनी चित्रं, पुन्हा दाबलं की नवी. मी चित्रं जुनी ठेवली आणि कंट्रोल नवे घेतले. माझा समझोता.

*

जुनी चित्रं ठेवतोस तर एकदा काचेच्या जुन्या टीव्हीवर बघ, बाळा. 'सॉनिक' (१९९१) मधला धबधबा तुझ्या सपाट स्क्रीनवर उभ्या रेघांचा पडदा दिसत असेल. जुन्या टीव्हीच्या साध्या वायरीतून यायचा तेव्हा त्या रेघा एकमेकींत मिसळायच्या आणि पाणी पारदर्शक दिसायचं. चित्रकारांनी टीव्हीचा दोषच रंग म्हणून वापरला होता.

मी तसला टीव्ही ठेवलाय तो मात्र बंदुकीसाठी. 'डक हंट'ची बंदूक नातीला दाखवायची म्हणून मोठ्या ऐटीत नव्या टीव्हीला जोडली. एक बदक पडेल तर शपथ. नात म्हणे, आजोबा, तुमचा नेम चुकतोय. नेम नव्हे, वेळ चुकत होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदूक गोळी मारत नाही, ती तो उजेड बघते. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, आणि तेवढ्यात बंदुकीची बघायची वेळ टळून गेलेली असते.

जुना टीव्ही आणला. दोघांनी उचलला, तिसरा 'सांभाळा सांभाळा' म्हणत मागे. बदकं पडली. एक सांगून ठेवतो, असला टीव्ही हौसेने उघडू नका. प्लग काढल्यावरही आत विजेचा जीव घेणारा दाब शिल्लक असू शकतो. नातीने दहा मिनिटं बदकं मारली आणि तिच्या 'माइनक्राफ्ट'कडे गेली. मी तासभर मारत होतो.

*

सगळे छान छान लिहितायत, मी जरा कुरकुरतो. मी जमवतो ते चिडून. २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली होती. अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा अधिकृतपणे विकत मिळत नव्हते. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेंडोच्या थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद झाली. 'जीटीए ४'मधली बरीच गाणी २०१८ मध्ये काढली गेली, कारण त्यांच्या परवान्यांची दहा वर्षं भरली. माझ्या जुन्या डिस्कवर ती अजून वाजतात. यंत्र इंटरनेटला जोडत नाही तोवर.

पण डिस्क आहे म्हणजे गेम आपला, हेही आता खरं नाही. नवी डिस्क घातली की पहिल्याच दिवशी भलामोठा अपडेट मागते, आणि काही डबीतल्या डिस्कवर पूर्ण गेमच नसतो. म्हणून मी नवे गेम वर्ष-दोन वर्षं थांबून, सगळं एकत्र असलेली आवृत्ती निघाली की घेतो. तोवर जुने आहेतच. लोक म्हणतात मी मागे राहतो. राहतो, आणि दुरुस्त झालेला गेम निम्म्या किमतीत खेळतो.

*

मी स्वतः काही जमवत नाही, माझ्या आईचं लिहिते. वय ६८. तिला फक्त 'टेट्रिस' येतो, आणि तो १९८९ च्या गेम बॉयवरचाच, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्रावरचा. मी तिला 'टेट्रिस इफेक्ट' दाखवला, संगीत, रंग, ठोकळ्यांभोवती पोहणारे मासे. तिने पाच मिनिटं खेळून म्हटलं, "छान आहे गं, पण ठोकळे कुठे बघू?"

डिसेंबर २०२३ मध्ये एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेंडोच्या एनईएस या जुन्या यंत्रावरच्या 'टेट्रिस'मध्ये १५७ व्या पातळीपर्यंत जाऊन गेम थिजवला, माणसाने पहिल्यांदाच. पूर्वी २९ वी पातळी म्हणजे शेवट समजत, कारण ठोकळे इतक्या वेगाने पडतात की बटण नेहमीसारखं दाबून पुरत नाही. मी तिला तो व्हिडिओ दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "त्याच्या आईला माहीत होतं का?"

गेम बॉयच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नाही. ती खिडकीशी बसते, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवते, आणि अंधार पडला की खेळ बंद. उजेडाची नवी स्क्रीन बसवून देते म्हटलं तर नको म्हणाली, "मग उठायचं कधी?" त्यामुळे तो आहे तसाच आहे. चार पेन्सिल सेल लागतात, ते संपले की मला हाक येते.