मदत हवी आहे : टिश्यू कल्चरच्या रॅकसाठी भरवशाचा इलेक्ट्रॉनिक चोक कोणता?

नमस्कार. जळगाव जिल्ह्यात आमची केळीच्या टिश्यू कल्चर रोपांची (ऊतींच्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेल्या रोपांची) लहान प्रयोगशाळा आहे. तेथील रॅकवर २८ वॅटच्या टी-५ (बारीक जाडीच्या) ट्यूबलाइट रोज १६ तास चालतात. उन्हाळा सुरू झाल्यापासून त्यांचे चोक एकामागून एक बंद पडत आहेत, आणि एखाद्या फळीवर अंधार राहिला की तेथील बाटल्यांतील कोंब फिके व लांबट होऊ लागतात, म्हणून हा प्रश्न तातडीचा आहे.

आमच्याकडे विजेचा दाब रात्री बराच वाढतो आणि पुरवठा वारंवार खंडित होतो. त्यामुळे ट्यूबची फिलामेंट आधी तापवून मगच ती पेटवणारा चोक घ्यावा, असे माझे मत आहे. थेट पेटवणारा चोक स्वस्त असला तरी सतत बंद-चालू होणाऱ्या ट्यूबची टोके त्याने लवकर काळी पडतात. एलईडीचा पर्याय मला मान्य आहे, परंतु सर्व रॅक एकदम बदलणे या हंगामात परवडणारे नाही.

चोकवर 'टीसी' म्हणून छापलेली तापमानमर्यादा, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारे प्रमाण) आणि दाबवाढीपासूनचे संरक्षण यांपैकी कशाला अधिक महत्त्व द्यावे? खोली २५ अंशांवर ठेवायची असल्याने चोक बाहेरच्या भिंतीवर बसवण्याचा विचार आहे. मात्र तेथून ट्यूबपर्यंत वायर किती लांब चालते? अशा वापराचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कंपनी व मॉडेलसह कृपया सविस्तर लिहावे.